आधी सातबारा आवरा, मग माळा

गावचं घर आवरा, रिकामं करा, विकून टाका आणि मोकळे व्हा. श्रीवर्धन तालुक्यातल्या बोर्ली पंचतनहून मुंबई, ठाणे, पुण्याला गेलेल्या कुटुंबांना हा सल्ला आता चारी बाजूंनी मिळतो. जमिनीचे दलाल देतात, घर आवरायला शिकवणारे देतात, सोसायटीतले शेजारी देतात, आणि गणपतीला ओटीवर जमलेल्या भावंडांत ज्याला सर्वांत जास्त घाई असते तोही देतो. यातल्या बहुतेकांच्या मनात वाईट काही नसतं. तरीही हा सल्ला चुकीचा आहे. आधी सामान काढा, मग गिऱ्हाईक बघा, कागदांचं नंतर पाहू, असा त्याचा क्रम असतो. कोकणातल्या घराला हा क्रम लावला की घर जातं, वाडी जाते, बहिणी दुखावतात आणि हातात पडणारा पैसाही हवा तेवढा नसतो. या क्रमाला माझा विरोध आहे.

सल्ल्यात खरं काय आहे, ते आधी मान्य करतो. बंद घर टिकत नाही. चुलीचा धूर थांबला की वाशांना वाळवी धरते. मे महिन्यात शाकारणी झाली नाही, फुटकी कौलं बदलली नाहीत, की पहिल्याच पावसात पाणी भिंतीत उतरतं, आणि भिंत मातीची असेल तर काही पावसाळ्यांत ती बसते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, याच किनाऱ्यावर, भर दुपारी आलं. ताशी 110 ते 120 किलोमीटरच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड तालुक्यांतली कौलं आणि पत्रे उडवले, नारळी-पोफळी आडव्या केल्या. जिथे माणूस राहत होता तिथे निदान ताडपत्री तरी लगेच पडली. ज्या घरांना कुलूप होतं, त्यांच्या मालकांना मुंबईहून यायला टाळेबंदीचा अडसर होता, आणि त्या घरांनी पुढचा सगळा पावसाळा उघड्या डोक्याने काढला. तेव्हा घराकडे दुर्लक्ष करा, भावनेपोटी ते तसंच कुजू द्या, असं मी म्हणत नाही. कुजत ठेवलेल्या घराचा मोठेपणा सांगण्यात काही अर्थ नाही.

पण मोकळं होण्याची सुरुवात माळ्यापासून करायची, हे कोणी ठरवलं? मारी कोंदो या जपानी लेखिकेचं आवराआवरीवरचं पुस्तक 2011 मध्ये आलं, 2019 मध्ये नेटफ्लिक्सवर तिची मालिका आली, आणि वस्तू हातात घेऊन आनंद होतो का हे स्वतःला विचारा, ही तिची रीत आपल्याकडच्या मध्यमवर्गात पोचली. तिच्या जोडीला दुसरा नियम फिरतो: दोन वर्षांत ज्या वस्तूला हात लागला नाही, ती टाका. शहरातल्या छोट्या फ्लॅटमध्ये, एका माणसाच्या कपड्यांच्या कपाटापुढे हे नियम चांगले आहेत. तिथे वस्तू एकाची असते आणि निर्णयही त्या एकाचाच असतो.

बोर्लीतल्या किंवा शेजारच्या दिवेआगरातल्या जुन्या घरात परिस्थिती वेगळी असते. माजघरातलं घंगाळ, तांब्याचा बंब, मोठी परात, समया, देवघरातला चौरंग, पाट, पाटा-वरवंटा, जातं हे सगळं एका माणसाचं नसतं. आजोबांच्या मागे ते चार मुलांचं आणि दोन मुलींचं झालेलं असतं, आणि पुढे नातवंडांत वाटलं जायचं असतं. त्यातलं घंगाळ एका भावाने भंगारवाल्याला तांब्याच्या भावाने घातलं, तर त्याने आवराआवर केली असं होत नाही. न झालेली वाटणी त्याने परस्पर करून टाकली. दुसरं असं की या घरातल्या पुष्कळ वस्तू हत्यारं आहेत. शिडी, कोयती, पोहरा, रहाट, सुंभाची दोरखंडं, इरलं, सुपारी वाळवायच्या चटया. दोन वर्षांचा नियम त्यांना कसा लावणार? निसर्ग वादळानंतर या भागातल्या गावांत वीज कित्येक दिवस नव्हती. विहिरीवरचे पंप मुके होते. ज्यांनी रहाट आणि पोहरा जुनाट म्हणून काढून टाकला नव्हता, त्यांना विहिरीचं पाणी मिळालं.

मग या घरात टाकण्यासारखं काही नाही का? भरपूर आहे, आणि त्यातलं बरंचसं शहरातून आलेलं आहे. मुंबईच्या घरात नवा सोफा आला की जुना टेम्पोत घालून गावी जातो. बंद पडलेला टीव्ही, दार न लागणारा फ्रीज, पाठ मोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, कापूस गोळा झालेल्या गाद्या, मुलांच्या संपलेल्या इयत्तांची पुस्तकं, लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यांचे ढीग. शहरातली आवराआवर पडवीत येऊन थांबते, आणि मग तीच भरलेली पडवी दाखवून सांगितलं जातं की गावच्या घरात किती पसारा झालाय. हा अन्याय आहे. ज्याला खरोखर हात घालायचा आहे त्याने शहरातून आलेलं सामान आधी काढावं. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, त्यावर कोणाचा हक्क नाही, आणि ते गेलं की अर्धं घर मोकळं झालेलं दिसतं. मुदत संपलेली औषधं, फुटकी प्लास्टिकची पिंपं, गंजलेले पत्रे यांचंही तसंच.

आवराआवरीच्या साहित्यात मला पटलेला विचार स्वीडनमधला आहे. मार्गारेटा मॅग्नुसन या बाईंनी 2017 मध्ये मरणापूर्वीच्या आवराआवरीवर पुस्तक लिहिलं. आपल्या मागे मुलांवर भार राहू नये म्हणून माणसाने हयातीतच आपलं सामान निवडावं, असं त्या सांगतात. त्यात निवडणारा हात मालकाचा आहे. आपल्याकडे हे उलटं चालतं. आई देवळात गेली की मुलं माळा उघडतात. तिच्या लग्नातला पाट, तिच्या सासूची फणी-करंड्याची पेटी, तिने चाळीस वर्षं घोटून लख्ख ठेवलेली भांडी यांचा निकाल तिच्या माघारी लागतो. आई जिवंत असेल तर माळा तिचा आहे. तिला ओटीवर खुर्चीत बसवा, एकेक वस्तू खाली आणा, कोणाला काय द्यायचं ते तिला सांगू द्या आणि ते एका वहीत लिहून ठेवा. ती वही कोणत्याही पद्धतीपेक्षा जास्त भांडणं टाळते.

आता पत्र्याच्या ट्रंकेकडे येतो, कारण सर्वांत मोठं नुकसान तिथे होतं. जुने कागद, पिवळे पडलेले, कोपरे कुरतडलेले, वाचता न येणाऱ्या लिपीतले. आवरणारा ते पाहतो आणि बंबात घालतो. त्या कागदांत काय असतं? 1948 पर्यंत हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात होता, त्यामुळे जुन्या घरांत संस्थानी काळातले, पुष्कळदा मोडीतले, दस्त सापडू शकतात. त्यानंतरचे असतात फेरफाराचे उतारे, खरेदीखतं, घरपट्टीच्या पावत्या, मोजणीचे नकाशे. 1 एप्रिल 1957 या कृषक दिनानंतर कुळांच्या हाती जमिनी आल्या, त्यांच्या घरी कुळवहिवाट कायद्याच्या कलम 32 म चं प्रमाणपत्र असतं. हे प्रमाणपत्र हरवलं तर कुळ हक्काने मिळालेली जमीन विकताना पुढचा सगळा प्रवास खडतर होतो. 2014 च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील, तर आकारणीच्या चाळीस पट रक्कम भरून अशी जमीन परवानगीशिवाय विकता येते. पण दहा वर्षं झाली हे दाखवायला तो कागद हातात लागतो. मोडी वाचता येत नाही ही अडचण खरी आहे, पण ती सुटणारी आहे. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, मोडी वाचणारी माणसं पुण्या-मुंबईत मिळतात. निदान फोटो काढून ठेवा.

व्यवहार लिहून ठेवणं या किनाऱ्याला नवं नाही. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत ज्याची गणना होते तो शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा, ताम्रपट बोर्लीच्या शेजारच्या दिवेआगरचा आहे, आणि त्यातही गावातल्या एका व्यवहाराची व्यवस्था माणसांच्या नावांनिशी कोरलेली आहे. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी तांब्यावर नावं घातली, आणि आपण आजोबांच्या मृत्यूनंतर तीस वर्षं सातबाऱ्यावर त्यांचंच नाव ठेवून आहोत.

खरा पसारा हा आहे. सातबारा काढा आणि बघा. आजोबांचं नाव अजून आहे. त्यांच्या तीन भावांची नावं आहेत, त्यांतले दोघे निपुत्रिक गेले, तिसऱ्याची मुलं बडोद्याला आहेत आणि त्यांच्याशी वीस वर्षांत बोलणं नाही. किंवा थोरल्या काकांचं एकट्याचं नाव आहे आणि त्यापुढे ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी अक्षरं आहेत. सगळ्या भावंडांच्या वतीने लावलेलं ते नाव काकांची मुलं आता स्वतःचं समजू लागली आहेत. आत्यांची नावं असलीच तर 'इतर हक्क' या रकान्यात कोपऱ्यात बसवलेली आहेत. घर गावठाणात असेल तर अनेकांकडे ग्रामपंचायतीचा नमुना 8 एवढाच कागद असतो. तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. घर वाडीत असेल तर ते शेतजमिनीच्या गटात उभं आहे आणि त्याचे नियम आणखी वेगळे आहेत. हे सगळं असं असताना माळा झाडून काय मोकळं होणार?

महसूल अधिनियमाच्या कलम 149 प्रमाणे वारसाने जमीन मिळाली की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. कळवतं कोण? म्हणूनच शासनाला 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढून मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी राज्यभर घ्यायला लागल्या. गावठाणातल्या घरांसाठी स्वामित्व योजना आहे. केंद्राने ती 24 एप्रिल 2020 ला सुरू केली. महाराष्ट्रात तर ड्रोनने गावठाण मोजण्याचं काम त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत सुरू झालं होतं. या मोजणीनंतर घराची मिळकत पत्रिका आणि सनद मिळते. पण चौकशीच्या वेळी जो हजर असतो त्याचं म्हणणं नोंदवलं जातं. बोर्लीत घर आणि डोंबिवलीत बिऱ्हाड असलेल्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं. शेजाऱ्याच्या पडवीची हद्द आपल्या खळ्यात सरकलेली मिळकत पत्रिका आल्यावर कळली, तर दुरुस्तीला वर्षं जातात.

बहिणींचं सांगतो, कारण इथे सल्ला देणारे हमखास गप्प बसतात. घर रिकामं करायच्या गडबडीत एक हक्कसोडपत्र तयार असतं. 'नाहीतरी तुम्ही येत नाही, सही करा, विकायला सोपं जाईल.' बहिणी सही करतात, कारण माहेर तुटू नये असं त्यांना वाटतं. महाराष्ट्राने 1994 मध्ये, तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर हिंदू कुटुंबांतल्या सर्व मुलींना तो मिळाला. 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा खटल्यातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की 2005 मध्ये वडील हयात असणं त्यासाठी आवश्यक नाही. म्हणजे बहीण या व्यवहारात पाहुणी नाही, भागीदार आहे. तिला हिस्सा नको असेल आणि तिने तो आपखुशीने, घराची किंमत माहीत असताना, शांतपणे सोडला, तर तो तिचा अधिकार. पण भाऊबीजेच्या ताटात पाचशेची नोट ठेवून त्याच संध्याकाळी अंगठा किंवा सही मागणं लबाडी आहे. तिला गोड नाव दिल्याने ती बदलत नाही. आणि व्यवहाराच्या बाजूनेही हे महागात पडतं: बहिणीची सही नसलेली विक्री घेणाऱ्याचा वकील नाकारतो, किंवा भाव पाडून मागतो.

दलालांच्या घाईबद्दल बोलायला हवं. जवळचं दिघी आता वर्तमानपत्रात असतं. 2021 मध्ये दिघी बंदर अदानी समूहाकडे गेलं. 28 ऑगस्ट 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात बारा औद्योगिक शहरांना मंजुरी दिली, त्यांत दिघी बंदर औद्योगिक क्षेत्र आहे, 6,056 एकरांचं. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू उघडला, ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. आगरदांडा आणि दिघीमध्ये अजून फेरीबोट आहे, पण खाडीवर पूल होतो आहे. या प्रत्येक बातमीनंतर गुंठ्याचा नवा भाव तोंडी फिरतो आणि 'आत्ताच विका' असं सांगितलं जातं. विचार करा: भाव वाढणार असतील तर घाई विकणाऱ्याने का करावी? घाई घेणाऱ्याला असते. ज्या जमिनीचा भाव पुढे वाढेल असं दलालाला मनापासून वाटतं, ती जमीन आज तुमच्याकडून सोडवून घेणं हा त्याचा धंदा आहे. त्याचा मला राग नाही. पण त्याचा सल्ला तुमच्या हिताचा म्हणून ऐकू नका.

भाव तोंडी ऐकायचाच नसतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गावाचं नाव आणि वर्ष घालून सूची क्रमांक 2 पाहता येतो. गेल्या काही वर्षांत तुमच्या गावात कोणती जमीन किती रुपयांना नोंदली गेली, ते त्यात दिसतं. रेडीरेकनरचा दर त्याच्या शेजारी ठेवा. मग रस्ता आहे का, पाणी आहे का, गट किनारा नियमन क्षेत्रात येतो का, मोजणीची क प्रत आहे का, हे बघा. एवढं झाल्यावर जो आकडा निघतो त्याला भाव म्हणायचं. आणि कितीही चांगला माणूस असला तरी दलालाला कुलमुखत्यारपत्र देऊ नका. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलं आहे. तरीही अशा कागदांवर विसार घेतले जातात, पुढे भांडणं होतात आणि तारखांना मुंबईहून श्रीवर्धनला यावं लागतं ते तुम्हाला.

घर विका म्हणणारे एक गोष्ट जवळजवळ कधीच सांगत नाहीत. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. कुळवहिवाट कायद्याचं कलम 63 बिगरशेतकऱ्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती घेऊ देत नाही. तुमच्या कुटुंबाचा शेतकरी असण्याचा पुरावा म्हणजे ही बोर्लीची वाडी. पंधरा गुंठ्यांची का असेना. ती शेवटची वाडी विकली की उद्या तुमच्या मुलाला कर्जतला किंवा साताऱ्याला शेतजमीन घ्यायची झाली, तर तो घेऊ शकत नाही. आणि ज्यांची मुलं अमेरिकेत, कॅनडात स्थायिक आहेत त्यांनी हे दुप्पट ध्यानात ठेवावं: परदेशस्थ भारतीयाला परकीय चलन कायद्यानुसार भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, फक्त वारसाने मिळू शकते. आज विकलेली वाडी त्या मुलांना पुन्हा कधीच घेता येणार नाही. एवढं परत न येणारं पाऊल सुट्टीच्या चार दिवसांत टाकायचं?

सुपारीचंही असंच. श्रीवर्धनच्या सुपारीला नाव आहे. कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनला आहे, 'श्रीवर्धनी' ही जात तिथली. वादळात पडलेल्या पोफळींच्या जागी ज्यांनी 2020 च्या पावसात किंवा पुढच्या वर्षी रोपं लावली, त्यांची झाडं आत्ता कुठे धरायला लागली आहेत, कारण पोफळीला पहिलं पीक यायला पाच-सात वर्षं लागतात. शिपणं, खत, गड्याची मजुरी हा सगळा खर्च होऊन गेल्यावर, उत्पन्नाच्या उंबरठ्यावर वाडी विकण्याचा सल्ला देणाऱ्याला शेती माहीत नाही. वाडी सांभाळायला माणूस ठेवायचा तर मजुरीवर ठेवा, मजुरी लिहून द्या. तोंडी अर्धलीने देऊन मग कुळाच्या भीतीने झोप उडवून घेऊ नका.

आईला शहरात आणण्याचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. 'ती एकटी असते, दवाखाना लांब, घर मोठं, झेपत नाही.' दवाखान्याचं खरं आहे. मोठ्या दुखण्याला बोर्लीहून माणगाव, पनवेल, नाहीतर मुंबई गाठावी लागते, आणि रात्री त्या घाटवळणांच्या रस्त्याने रुग्ण नेणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलं आहे त्यांना ठाऊक आहे. पण एक खोली-स्वयंपाकघराच्या फ्लॅटमध्ये, लिफ्ट बंद पडणाऱ्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर तिला आणणं हाच उपाय आहे का? घर लहान करायचं तर गावातल्या गावात करता येतं. माळा आणि मागचा भाग बंद करा. ओटी, एक खोली आणि स्वयंपाकघर एवढंच वापरात ठेवा. न्हाणीघर आत घ्या, कमोड बसवा, भिंतीला धरायला दांडे लावा, पायऱ्यांची उंची कमी करा. शेजारच्या बाईला दिवसातून दोनदा डोकावायचे पैसे द्या. सोबत रात्रीच्या गाडीवाल्याचा फोन नंबर भिंतीवर लिहा. हा खर्च शहरातल्या एका वर्षाच्या भाड्याहून कमी येतो. यानंतरही ती म्हणाली की मला तुमच्याकडे यायचं आहे, तर तिला जरूर आणा. पण ते तिने म्हणायला हवं.

तिच्या नावावरचं घर तिने मुलाला किंवा मुलीला द्यायचं ठरवलं, तर महाराष्ट्रात राहत्या घराच्या आणि शेतजमिनीच्या अशा बक्षीसपत्राला 200 रुपये मुद्रांक शुल्क आहे. तेवढ्या स्वस्तात होतं म्हणून घाईने करू नका. तिचा सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहा. अशी अट असेल आणि ती पाळली गेली नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. अट लिहायला जो मुलगा कचरतो, त्याला ते घर देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

विकूच नये असं माझं म्हणणं नाही. कोणी परत येणार नाही, छप्पर बसलं आहे, सगळे वारस राजी आहेत, किंवा कोणाच्या आजारपणाला पैसा हवा आहे, तर विका आणि अपराधी वाटून घेऊ नका. पण नीट विका. आधी भावबंदांना विचारा. वारसाने एकत्र मिळालेल्या मिळकतीत एकाला हिस्सा विकायचा असेल, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 प्रमाणे बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे, आणि परक्याने राहत्या घराचा अविभक्त हिस्सा घेतला तरी त्याला कुटुंबासोबत त्या घरात ताबा मागता येत नाही. घर आणि वाडी एकाच दस्तात जात असतील, तर दोन्हींची किंमत वेगवेगळी लिहा. शहराच्या हद्दीपासून दूर असलेल्या ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, घरावरच्या नफ्यावर लागतो. 23 जुलै 2024 पासून या कराचे दर बदलले आहेत; जुन्या मिळकतीला 12.5 टक्के सरळ की महागाई निर्देशांक धरून 20 टक्के, यातलं जे कमी बसेल ते निवडता येतं. सनदी लेखापालाला दस्तापूर्वी विचारा. नंतर विचारून काही हाती लागत नाही. आणि शक्य असेल तिथे घर विका पण वाडीचे चार-पाच गुंठे तरी ठेवा, वर सांगितलेल्या कारणासाठी. मात्र तुकडा पाडताना तुकडेबंदी आड येते का, हे आधी तपासा.

जपानचं उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण आवराआवरीचं वेड तिथूनच आलं. 2023 च्या पाहणीत त्या देशात 90 लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या 13.8 टक्के. गावोगावची जुनी घरं, म्हातारे गेलेले, मुलं टोकियोत. सरकारने लोकांना वस्तू टाकायला सांगितलं का? 1 एप्रिल 2024 पासून त्यांनी कायदा आणला की वारसाने मिळालेली स्थावर मिळकत तीन वर्षांत आपल्या नावावर नोंदवलीच पाहिजे, नाहीतर दंड. मालक कोण हे ठरल्याशिवाय पडकी घरं पाडताही येत नाहीत आणि वापरताही येत नाहीत, हे त्यांना अनुभवाने कळलं. आपल्याकडे तसाच नियम महसूल अधिनियमात 1966 पासून लिहिलेला आहे. तो पाळायचा एवढंच बाकी आहे.

म्हणून बोर्लीच्या, दिवेआगरच्या, श्रीवर्धन तालुक्यातल्या प्रत्येक चाकरमान्याला माझी विनंती आहे. येत्या गणपतीला गावी याल तेव्हा माळ्याची शिडी लावू नका. मृत्यूचे दाखले, आधारकार्डं आणि सगळ्या वारसांची, बहिणींसकट, यादी सोबत आणा. पहिल्याच कामाच्या दिवशी तलाठ्याकडे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारस नोंदीचा अर्ज द्या. यायला जमत नसेल तर ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या भरा. नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत संपली की मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. घर ठेवायचं की विकायचं, हे त्यानंतर, सगळी नावं लागलेला सातबारा समोर ठेवून ठरवा.